रोजची तयारी, रोजचे आज्ञापालन

धर्मांतराचा प्रश्न छत्तीसगडात जेव्हा जेव्हा ऐरणीवर येतो, तेव्हा सभांत, वर्तमानपत्रांत आणि कचेऱ्यांत ऊहापोह होतो तो केवळ एका दिवसाचा : बाप्तिस्मा कोणी घेतला, कोणाच्या सांगण्यावरून घेतला आणि त्याची इत्तला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे रीतसर गेली होती की नाही. मध्य प्रदेशाचा १९६८चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा या राज्याला वारसाहक्काने मिळाला. त्याचाही सारा रोख त्या एका दिवसावरच आहे. परंतु त्या दिवसापूर्वी जी वर्षे मनाच्या मशागतीत जातात आणि त्यानंतर जी आयुष्यभर निभवावी लागतात, त्यांची विचारपूस विरोधक करीत नाहीत आणि, खेदाने म्हणावे लागते, समर्थकही करीत नाहीत. ख्रिस्ती श्रद्धेचा खरा वास त्या वर्षांत असतो आणि रोज थोडे समजून घेणे व जेवढे समजले तेवढे आचरणात उतरविणे, याखेरीज तिच्या वाढीचा दुसरा मार्ग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

रायपूरच्या मराठी वाचकाला याची साक्ष काढण्यासाठी फार दूर जावयास नको. येथून पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरांवर असलेल्या राजनांदगावच्या संस्थानात १८९३च्या सुमारास नोकरीसाठी निघालेले नारायण वामन टिळक यांची नागपुराहून येताना आगगाडीत एका अपरिचित युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. त्या गृहस्थाने निरोप घेताना त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली, ती वाचण्याचा आग्रह केला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. दोघांनी एकमेकांचे नावही विचारले नाही, आणि पुन्हा त्यांची भेट कधी झाली नाही. हा प्रसंग रसाळ असल्यामुळे सर्वांच्या स्मरणात राहतो. मला मात्र त्याच्या नंतरचा, पुष्कळच नीरस वाटणारा भाग अधिक मोलाचा वाटतो. टिळकांना ते पुस्तक प्रथम मुळीच रुचले नव्हते. तरीही दिलेला शब्द मोडावयाचा नाही, आणि जो ग्रंथ अभ्यासावयाचा तो आरंभापासून अखेरपर्यंत, ध्यानात ठेवण्याजोग्या प्रत्येक स्थळी शिसपेन्सिलीने खूण करीत वाचावयाचा, हा आपला जुना शिरस्ता त्यांनी येथेही सोडला नाही. आणि अशा रीतीने पानामागून पान ओलांडीत ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आले, तेव्हा त्या तीन अध्यायांपासून त्यांना दूर होववेना. साक्षात्कार म्हणावयाचा तर तो हाच. पण न रुचणाऱ्या पानांवरही इमानाने खुणा करणाऱ्या वाचकालाच तो लाभला, हे विसरून कसे चालेल?

त्या प्रवचनाची अखेर वाचकाला स्वस्थ बसू देत नाही. ऐकून त्याप्रमाणे वागणारा आणि ऐकून सोडून देणारा, असे दोघेजण तेथे घरे बांधतात. पाऊस, पूर आणि वारा दोघांच्याही वाट्याला सारखाच येतो, आणि टिकते ते पहिल्याचे घर. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी, आप्त, जात, सारे एका दिवसात दुरावले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मार्ग याहून निराळा, आणि सामान्य संसारी माणसाला अधिक जवळचा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण आपले सोवळे सांभाळून, चूल निराळी ठेवून. पुढे, ईश्वराने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, एवढे त्यांच्या मनाने घेतले. आणि तेवढ्यावरच त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे व्रत केले. ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा उरलेला भाग त्यांना तेव्हा उमगला असेल वा नसेल; जेवढे उमगले तेवढे त्यांनी पाळले, आणि १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना माझ्या मनात सर्वांत खोल रुतते ते हेच, की या बाईने आधी आज्ञा पाळली आणि समज तिच्यामागून आली.

आज्ञापालन या कल्पनेविषयी आजच्या सुशिक्षिताच्या मनात अढी असते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. जर्मन मिशनरी ऑस्कर लोर १८६८ साली रायपूरला आले, सतनामी समाजात त्यांनी काम मांडले आणि विश्रामपूरची वसाहत उभी राहिली. परंतु तेथे मिशनरी साहेब धर्मगुरू आणि गावचे मालगुजार अशा दुहेरी नात्याने नांदत असल्यामुळे देवाची आज्ञा कोठे संपते आणि जमीनमालकाचा हुकूम कोठे सुरू होतो, हे गरीब रयतेला उमजणे कठीण होते. ही गल्लत आजही आपल्या काही मंडळ्यांत चालू आहे. पाळकांच्या मर्जीला देवाची इच्छा समजणारा मनुष्य ताबेदार होईल, श्रद्धेत वाढेल असे मात्र मुळीच नाही. टिळकांचेच पाहा : ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली, ज्याच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे ते संपादक होते, त्याची नोकरी त्यांनी १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ उभारला. देवाची आज्ञा पाळणाऱ्याला संस्थेचा आश्रय सोडावा लागू शकतो, आणि म्हणूनच हे आज्ञापालन लाचारीच्या विरुद्ध टोकाला आहे.

आमच्या रायपुरातील मंडळ्यांविषयी माझे सांगणे एवढेच आहे. महोत्सव, जाहीर सभा, ध्वनिक्षेपक यांवर जो खर्च आणि जी उमेद वेचली जाते, तिचा काही अंश घरोघरच्या वाचनाकडे वळवावा. मराठी घरात मराठी, हिंदी घरात हिंदी, आणि खेड्यात छत्तीसगढी, अशा ज्याच्या त्याच्या बोलीत सकाळी एक उतारा वाचला जावा, आणि आज यातले काय करावयाचे, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांनी प्रथम स्वतःला विचारावा. शेजाऱ्याचे देणे फेडणे, भावाशी अबोला सोडणे, मोलकरणीची मजुरी वेळेवर देणे, अशी उत्तरे निघतील. ती क्षुल्लक वाटली तरी टाळू नयेत. बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्या उमेदवारालाही घाई न करता हाच क्रम काही महिने पाळू द्यावा. ज्याला तो पेलणार नाही, तो आपणहून मागे फिरेल आणि त्याला कोणी बोल लावू नये. जो टिकेल, त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली का, हे विचारण्यासाठी कचेरीतून माणूस आला तर त्याच्या घराची दारे उघडी असतील.