उत्तर तपासणारं कुणीतरी हवं

शेगावात पारायणाला बसणाऱ्या घरांना लोकमान्य टिळकांच्या तुरुंगवासाची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. दासगणूंनी १९३९ मध्ये रचलेल्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात ती आहे. अकोल्याच्या शिवजयंतीच्या सभेला टिळक आणि गजानन महाराज दोघेही हजर होते. पुढे टिळकांना शिक्षा झाली तेव्हा महाराजांनी त्यांच्यासाठी भाकरीचा प्रसाद पाठवला आणि त्यांच्या हातून तुरुंगात मोठं काम होईल असं सांगितलं, अशी पोथीतली कथा. ते काम म्हणजे ‘गीतारहस्य’, हे वऱ्हाडात शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं.

पण टिळक मुळात गणिताचे. डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्र्यांच्या हाताखाली ते शिकले, बी.ए.ला गणितात पहिला वर्ग मिळवला आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात तोच विषय शिकवला. मंडालेच्या तुरुंगात त्यांना शाई-टाक मिळत नसे. पेन्सिल मिळे आणि पानं मोजून दिलेल्या बांधीव वह्या. त्या वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ उतरलं. वेदांग ज्योतिषावरचं त्यांचं लिखाणही तुरुंगातल्याच काळातलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आलं. पाच वर्षांचं युग, त्याचे १८३० दिवस, त्यांत बसणारे ६२ चांद्रमास, असा त्या विषयाचा सगळा कारभार आकडेमोडीचा.

तुरुंगातल्या साहित्याचा महाराष्ट्राला अभिमान आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. तुरुंगात गणितही होऊ शकतं, हे मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येतं. खरं तर या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, महागडं साहित्य लागत नाही. कागद, पेन्सिल आणि सलग वेळ मिळाला की काम सुरू होतं.

जगात याचे दाखले जुने आहेत. नेपोलियनच्या रशिया मोहिमेत १८१२ साली पकडला गेलेला फ्रेंच अभियंता पाँसले साराटोवच्या बंदिवासात पुस्तकांशिवाय, निव्वळ आठवणीवर भूमिती मांडत बसला. त्यातून उभं राहिलेलं प्रक्षेपी भूमितीचं पुस्तक १८२२ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरा दाखला फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांचा, आणि त्याचा धागा थेट पुण्याशी जुळतो. वेय १९३० ते १९३२ अलीगढला प्राध्यापक होते. त्यांनीच दामोदर धर्मानंद कोसंबींना तिथे बोलावून घेतलं, आणि कोसंबी नंतर टिळकांच्याच फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून वेय १९४० मध्ये रूआँच्या तुरुंगात पडले. तिथल्या काही महिन्यांत त्यांना जे सुचलं, ते पुढे आधुनिक बीजभूमितीचा आधार ठरलं. काम इतकं छान चाललं होतं, की दरवर्षी दोन-तीन महिने आत राहण्याची सोय करावी काय, असं त्यांनी बायकोला पत्रात लिहिलं.

मात्र टिळक, पाँसले आणि वेय हे तिघेही आत जाण्यापूर्वीच विद्वान होते. आजच्या बराकीतला तरुण दहावीला गणितात गटांगळी खाऊन शाळेबाहेर पडलेला असतो. त्याचं काय?

याचं उत्तर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सापडतं. ख्रिस्तोफर हेवन्स यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, नशेच्या नादाला लागलेले, आणि खुनाच्या गुन्ह्यात २५ वर्षांची शिक्षा झालेली. एकांत कोठडीत असताना ते गणिताकडे वळले आणि मूळ पायरीपासून स्वतःच शिकत गेले. बाहेरून मागवलेली पुस्तकं सुरुवातीला प्रशासनाने अडवून धरली; इतर कैद्यांना गणित शिकवायचं, या अटीवर ती मिळू लागली. २०१३ मध्ये त्यांनी एका गणित प्रकाशनसंस्थेला पत्र लिहिलं. नियतकालिकाचे अंक हवे आहेत, आणि गणितावर पत्रातून बोलेल असं कुणीतरी हवं आहे, इतकीच मागणी. ते पत्र हातोहात फिरत इटलीतल्या तुरीन इथले प्राध्यापक उंबेर्तो चेरुती यांच्यापर्यंत गेलं.

चेरुतींनी आधी माणसाची पारख केली. त्यांनी एक उदाहरण सोडवायला पाठवलं. काही दिवसांनी टपालाने उत्तर आलं ते तब्बल १२० सेंटिमीटर लांबीच्या कागदावर, त्यावर आडवंतिडवं पसरलेलं एकच सूत्र. चेरुतींनी ते संगणकात घालून पाहिलं. बरोबर होतं. मग त्यांनी आपण झगडत असलेला प्रश्नच हेवन्स यांना दिला. त्याचं फलित असलेला शोधनिबंध जानेवारी २०२० मध्ये ‘रिसर्च इन नंबर थिअरी’ या नियतकालिकात हेवन्स यांच्या नावासह छापून आला. आपल्यासारख्या कैद्यांना बाहेरच्या गणितज्ञांशी जोडून देणारा ‘प्रिझन मॅथेमॅटिक्स प्रोजेक्ट’ही हेवन्स यांनी इतरांसोबत उभा केला.

त्या निबंधाचा विषय म्हणजे अपूर्णांकाच्या छेदात अपूर्णांक, त्याच्याही छेदात अपूर्णांक, अशी लांबत जाणारी साखळी. निबंध तज्ज्ञांसाठी आहे. पण त्या साखळीचं दार आठवीच्या मुलालाही उघडता येतं. १/१ पासून सुरुवात करायची. नवा अंश म्हणजे जुना अंश अधिक छेदाची दुप्पट. नवा छेद म्हणजे जुना अंश अधिक जुना छेद. पेन्सिल चालवली की ३/२, ७/५, १७/१२, ४१/२९ अशी माळ तयार होते, आणि प्रत्येक अपूर्णांक २ च्या वर्गमुळाच्या जवळजवळ सरकत जातो. आता अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट शेजारी मांडून पाहावी. ७ चा वर्ग ४९, ५ च्या वर्गाची दुप्पट ५०. पुढे २८९ आणि २८८. मग १६८१ आणि १६८२. फरक दर वेळी एकाचाच. एकदा कमी, एकदा जास्त. १/१ धरून आठव्या पायरीवर ५७७/४०८ येतं, जे शुल्बसूत्रांत वेदी बांधण्यासाठी दिलेल्या मूल्याइतकंच आहे. फरक कायम एकच का राहतो, याची सिद्धता अर्ध्या पानात मावते. ती स्वतः शोधून काढणाऱ्याला त्या दिवशी काहीतरी मिळालेलं असतं, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

‘आधी हे करा, मग ते करा, पुन्हा पहिल्यापासून’ हा वरचा नियम म्हणजे संगणकाचा प्रोग्रामच. कोडिंग शिकायला सुरुवात कागदावर होऊ शकते, ती यामुळेच. पुढे यंत्र लागतं, आणि तिथे कारागृहाची भीती इंटरनेटची असते. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात ‘द लास्ट माइल’ या संस्थेने २०१४ मध्ये इंटरनेट नसलेल्या संगणकांवर कोडिंगचे वर्ग सुरू करून ती भीती बाजूला ठेवली. मेन राज्यात प्रेस्टन थॉर्प हा कैदी आतूनच मुक्त स्रोताच्या डेटाबेस प्रकल्पात कोड पाठवत राहिला, आणि २०२५ मध्ये टर्सो कंपनीने त्याला पूर्ण वेळ नोकरीवर घेतलं. आपल्याकडे हरियाणातल्या भोंडसी कारागृहात खटला चालू असलेल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याने कारागृहाचंच कामकाज सांभाळणारी ‘फिनिक्स’ ही प्रणाली लिहिली. बंद्याने अंगठा टेकवायचा, की कॅन्टीनमधली त्याची शिल्लक समोर. नंतर त्याची निर्दोष सुटकाही झाली. बिहारमधल्या नवादा तुरुंगातल्या एका न्यायाधीन बंद्याने २०२२ मध्ये आयआयटीच्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेत देशात ५४ वा क्रमांक मिळवला.

महाराष्ट्रात पाटी कोरी आहे असं नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू यांची अभ्यासकेंद्रं मध्यवर्ती कारागृहांत आहेत, बंदी पदव्या घेतात, आणि परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाबंदींना शिक्षेत माफीही मिळते. ही सोय चांगली आहे. पण तिची धाव मुख्यतः मोठ्या कारागृहांपर्यंत आणि शिक्षा लागलेल्यांपर्यंत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे जवळपास ७६ टक्के, न्यायाधीन होते. बुलडाण्यासारख्या जिल्हा कारागृहात भरणा त्यांचाच. त्यांना माफी कसली मिळणार? शिक्षाच झालेली नाही. आज-उद्या जामीन होईल या आशेवर माणूस कुठल्या वर्गात नाव घालत नाही, आणि तो कधीही जाईल म्हणून प्रशासनही त्याला धरत नाही. तारखांवर तारखा पडतात आणि अभ्यासाला मिळाला असता तो सगळा वेळ भिंतीकडे बघण्यात जातो.

ज्यांच्या घरातलं माणूस गुन्ह्यात गेलं, त्यांना हे सगळं वाचून राग येईल, आणि तो रास्त आहे. हेवन्स यांच्या निबंधाने गेलेला जीव परत आला नाही. पण न्यायाधीन बंद्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, आणि सिद्ध झाला तरी बहुतेक जण एक दिवस आपल्याच गावच्या एसटीत बसून परत येणार आहेत. अमेरिकेतल्या रँड संस्थेने २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं, की तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा आत येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी असते. मुळात सुधारू पाहणारेच शिकायला येतात, हा आक्षेप धरून आकडा खाली आणला तरी गावाचा फायदा उरतोच.

हेवन्स यांची गोष्ट नीट पाहिली तर तिच्यातला निर्णायक भाग हुशारीचा नाही. हुशार माणसं कुठल्याही बराकीत असतात. तुरीनमधल्या एका माणसाने तो लांबलचक कागद बाजूला न सारता तपासला, तिथे गोष्ट फिरली. एकट्याने गणित करणाऱ्याला उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते कळत नाही, बरोबर आलं तर खात्री वाटत नाही, आणि दोन-चार वेळा असं झालं की वही मिटते. तपासणारं माणूस मिळालं की ती चालू राहते.

अशी माणसं शेगावात कमी नाहीत. गजानन महाराज संस्थानात पाळीने येऊन विनामोबदला राबणारे सेवेकरी साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून इथे आहे. निवृत्त गणित शिक्षक शेगाव-खामगावच्या गल्लोगल्ली भेटतात. त्यांनी बुलडाणा आणि अकोल्याच्या कारागृहांतल्या वह्या तपासून द्याव्यात, एवढंच काम. दर पंधरा दिवसांनी अधीक्षकांच्या हातून वह्यांचा गठ्ठा बाहेर यावा, लाल शेरे मारून परत जावा. बंद्याचं नाव न कळता नुसत्या वहीच्या क्रमांकावरही हे चालतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहात जातच असतात, त्यांच्यामार्फत परवानगीची वाट निघू शकते. अभियांत्रिकीच्या मुलांनी कागदावर लिहिलेले प्रोग्राम आपल्या संगणकावर चालवून पाहावेत आणि छापील निकाल परत पाठवावा. इंटरनेट नसलेले चार-पाच जुने संगणक आत बसवण्याची गोष्ट त्यानंतर.

सुरुवात दहावीच्या गणितापासून व्हावी, कारण गाडी तिथेच अडलेली असते. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो मुदतीत भरला जाईल, याची जबाबदारी कारागृहातल्या एका ठरावीक कर्मचाऱ्याकडे असावी. आणि जामीन झालेल्याची वही आतच राहून जाऊ नये. सुटकेच्या कागदांबरोबर ती त्याच्या हातात पडावी, सोबत तपासनीस शिक्षकांचा पत्ता असावा, आणि नांदुऱ्याला असो की मेहकरला, त्याने पुढचं प्रकरण सोडवून पाठवलं तर तेही त्याच लाल पेनाने तपासलं जावं.