हिरमुसलेला कारवानी

तळोज्याहून एका वाचक बंधूंचे दोन पानी पत्र आले आहे. त्यातली दीड पाने रागाची आहेत. सोलापूरकडून त्यांनी कारवानी जातीचे पिल्लू आणले, ते आता चौदा महिन्यांचे झाले. आठ-नऊ महिन्यांचे असताना ते वाऱ्यासारखे पळे, एका उडीत बांध ओलांडी, आळीतले लोक पाहायला येत. गेल्या दिवाळीत, भातकापणीच्या दिवसांत, गावातल्या पोरांनी त्याला रात्री डोंगराकडच्या शेतावर रानडुकरांवर छू केले. डुकराने त्याला धडक दिली आणि पोरांनी तिथेच फटाक्यांची माळही लावली. तेव्हापासून बांध आला की कुत्रा शेपूट पोटाशी घेऊन थांबतो. ओरडून झाले, काठीने मारून झाले, दोन दिवस उपाशी ठेवून झाले. पावसाळ्यापूर्वी सुधारला नाही तर त्याला कारखान्यांच्या बाजूला सोडून देणार, असे त्यांनी लिहिले आहे.

पत्राच्या तळाशी मात्र घाईत लिहिलेली एक ओळ आहे. धाकट्या मुलीच्या सायकलमागे तो अजून पळतो, पण थोडेच. मग धापा टाकत बसतो.

बंधूंनो, उत्तर याच ओळीत आहे. मुलीमागे पळतो म्हणजे पळायची हौस मेलेली नाही. थोडे पळून बसतो म्हणजे अंगात काहीतरी दुखणे आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि काठीने त्यांतले एकही बरे होत नाही.

आधी अंगाचे पाहू. तरणा कुत्रा कामाला नाखूश झाला की लोक त्याला भित्रा किंवा आळशी म्हणतात आणि गोचीड पाहायचे विसरतात. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली हात फिरवून पाहा. गोचिडामुळे येणारा ताप कुत्र्याला आठवडेच्या आठवडे पोखरतो. भूक मंदावते, वजन उतरते, कधी नाकातून रक्त येते. वरचा ओठ उचलून हिरड्या पाहा. त्या गुलाबी हव्यात, पांढुरक्या असतील तर रक्त कमी आहे. आतड्याला चिकटून रक्त पिणारे जंतही हेच करतात. कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असते, साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. थर्मामीटर 103 च्या वर गेला तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा आणि रक्त तपासून घ्या. घरातल्या माणसांच्या तापाच्या वा अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. त्याने कुत्री दगावतात.

डुकराच्या धडकेचेही डॉक्टरांना सांगा. बरगडीला वा खुब्याला बसलेला मार वरून दिसत नाही. चारी पायांचे तळवे दाबून पाहा. बाभळीचा काटा आत मोडून राहिला तरी कुत्रा लंगडेलच असे नाही, तो नुसता पळायचा बंद होतो.

खाण्याचे म्हणाल तर कोरडी भाकरी आणि ताक एवढ्यावर हा कुत्रा पळणार नाही. त्याच्या भाकरीला उकडलेल्या अंड्याची, काटे काढलेल्या ताज्या मासळीची किंवा थोड्या मटणाची जोड हवी. कारवान्याच्या बरगड्या थोड्या दिसतात, ती त्याची ठेवणच आहे. पण कण्याची हाडे वर आली असतील तर तो उपाशी आहे. शिक्षा म्हणून उपास ही कल्पना तर आजच सोडून द्या.

आता मनाचे. हा कुत्रा वासावर काम करीत नाही, डोळ्यांवर करतो. लांबवर काही हलले की त्याचे पाय आपोआप सुटतात. कारवानांबरोबर आला म्हणून कारवानी, असे नावाचे मूळ सांगतात. शेजारच्या कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. 2005 साली टपालखात्याने तिचे तिकीट काढले आणि 2016 पासून मेरठच्या लष्करी केंद्रात तिची पिल्ले शिकवून पाहिली गेली. सांगायचे ते असे की कुत्रा मोकळ्या मैदानावर दिवसाउजेडी पळणारा आहे. अंधारात झाडीत घुसून सुळेवाल्या डुकराशी भिडणे हे त्याचे काम नव्हे, तेही दहा महिन्यांच्या वयात. घोड्याला नांगराला जुंपावे तसा हा प्रकार झाला. राखणीला भुंकणारा कुत्रा हवा असेल तर आपला गावठी कुत्रा शंभर पटींनी बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक, पोरांनाही ऐकवावे असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ससा असो, भेकर असो की डुक्कर, रानच्या जनावरामागे कुत्रा घालणे हीच शिकार धरली जाते. प्राणी हाती लागो न लागो, गुन्हा होतो. डुकरांनी भात तुडवले तर वनखात्याकडे लगेच अर्ज करून पंचनामा मागावा; भरपाईची तरतूद आहे.

मग या कुत्र्याला काम कोणते द्यायचे? पळण्याचे. आणि ते मुलीच्या हाताने. घरात ज्याच्यावर त्याचा विश्वास उरला आहे त्यानेच सुरुवात करायची, बाकीच्यांनी काही दिवस बाजूला राहायचे. बंधूंनो, यात कमीपणा मानू नका.

औषधपाणी होऊन अंग भरेपर्यंत, म्हणजे तीनएक आठवडे, कामाचे नावच काढू नये. सकाळ-संध्याकाळ साखळीने फिरवावे, तेही त्या बांधाकडे नव्हे. डॉक्टरांनी होकार दिला की जुन्या लुगड्याची हातभर पट्टी घ्या, ती दोरीने लांब काठीला बांधा आणि खळ्यात जमिनीलगत गोल फिरवा. पहिल्या दिवशी तो नुसता पाहील. पाहू द्या, हाका मारू नका, चिंधी त्याच्या तोंडाशी नेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक पाऊल टाकील. झडप घातली की चिंधी त्याला मिळू द्या, मिनिटभर झटकू द्या, मग भाकरीचा तुकडा देऊन ती सोडवून घ्या आणि पेटीत ठेवून द्या. दिवसात तीनच फेऱ्या. चौथी तो मागत असतानाच खेळ बंद करायचा, हे सर्वांत महत्त्वाचे आणि माणसाला सर्वांत अवघड. कुत्रा जरा रंगात आला की आपण त्याला दमेपर्यंत पळवतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कोपरा धरतो.

खळ्यात जमले की कापणी झालेल्या भातखाचरात जा. शंभर पावलांची सरळ धाव पुरे. ऊन चढण्याआधी पळवावे, पोटभर खाल्ल्यावर कधीही नाही. गावात एखादा वयस्क, शांत कुत्रा असेल तर त्याला बरोबर न्यावे. तरणा कुत्रा माणसापेक्षा कुत्र्याकडून लवकर शिकतो.

आवाजाची भीती वेगळी काढावी लागते. तो जेवत असताना लांब, परसाच्या टोकाला कोणीतरी डबा हळूच वाजवावा. जेवण थांबले नाही तर दोन दिवसांनी थोडे जवळ यावे. थांबले तर मागे जावे. यात महिना-दोन महिने जातील. आणि तो बांध? त्याच्यापासून पन्नास पावलांवर चिंधीचा खेळ सुरू करावा, तो आपण होऊन जवळ जाईल तेवढाच. ओढून नेलात तर सगळे मुसळ केरात. यंदाच्या दिवाळीत त्याला घरात, माणसांजवळ ठेवा.

एवढे करून तो डुकरांवर जाईल का? जाणार नाही, आणि जाऊही नये. पण मुलीबरोबर शेतावर येईल, मोकळ्या खाचरात पळेल, बांध ओलांडील.

राहिली सोडून देण्याची गोष्ट. खायला-प्यायला मिळणार नाही अशा ठिकाणी जनावर टाकून देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहेच. शिवाय तळोज्याचे आपण, आपल्याला काय सांगावे? 2017 च्या ऑगस्टमध्ये औद्योगिक वसाहतीतली भटकी कुत्री रंगाने निळी झालेली सगळ्या जगाने पाहिली. कासाडी नदीत सुटणाऱ्या रंगाच्या सांडपाण्याची तेव्हा तक्रार झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एका कारखान्याला टाळे लावावे लागले. साखळीत वाढलेला हा कुत्रा त्या रस्त्यांवरच्या ट्रकांत आठवडा काढणार नाही. ठेवणे अगदीच जमत नसेल तर ज्यांच्याकडून पिल्लू आणले त्यांना आधी विचारा.

रेबीजची लस दिली आहे की नाही, हे पत्रात नाही. दिली नसेल तर दवाखान्यात जाल तेव्हाच द्या. भातशेतीच्या मुलखात पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टो कुत्र्यांना आणि माणसांना दोघांनाही होतो, त्याच्याही लशीचे डॉक्टरांना विचारा.

पुढच्या पत्रात ताप किती होता, हिरड्यांचा रंग कसा आहे आणि रक्तात काय निघाले ते कळवावे. पत्र मुलीने लिहिले तर अधिक बरे.