दान वावराचे, सवलत चेकची



वऱ्हाडच्या मातीला दान नवे नाही. गाडगेबाबांनी लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या केल्या. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केले, भूदान सुरू झाले, आणि आपला भाग जुन्या मध्यप्रदेशात होता म्हणून १९५३ चा भूदान कायदा इथेही आला. पण देशभर दिलेल्या त्या जमिनींपैकी पुष्कळ जमीन वाटपापर्यंत पोहोचलीच नाही. कुठे नापीक, कुठे भावकीच्या वादातली, कुठे कागदच झाले नाहीत.

आज एखाद्याने शाळेला अर्धा एकर दिला, तर आयकरात सूट किती? काहीच नाही! कलम ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत फक्त पैशाच्या देणगीला आहे. वावर, धान्य, सोने, जुना ट्रॅक्टर, काहीही द्या, पुण्य मिळेल, वजावट मिळणार नाही. २,००० रुपयांवरची रोख देणगीही चालत नाही. चेक किंवा बँकेमार्फतच हवी.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. उसाचे बिल हे शेतीचे उत्पन्न, त्यावर केंद्राचा आयकरच नाही. मग सूट कशातून घेणार? बिलातून देणगी कापताना 'टॅक्स वाचतो' असे कोणी सांगितले तर हसून सोडून द्यावे, आणि कपातीला आपली लेखी संमती आहे की नाही ते मात्र बघावे. ज्यांचे कृषी केंद्र आहे, ट्रक आहेत, घरात नोकरी आहे, त्यांनाच ही सवलत उपयोगी. तीही जुनी करपद्धती घेतली तरच. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या निम्मी, आणि उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेत.

मग वावर द्यावे की विकून पैसा द्यावा? ते वावर कुठे आहे यावर आहे. बाळापूर नगर परिषदेच्या हद्दीपासून सरळ रेषेत २ किलोमीटरच्या आत, किंवा अकोला महापालिकेपासून ६ किलोमीटरच्या आत जमीन असेल, तर विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. त्यापलीकडच्या शेतजमिनीला तो नाही. ती विकून चेक दिलेला बरा. हद्दीजवळचा तुकडा, प्लॉट किंवा आजीचे सोने असेल, तर वस्तूच द्यावी. बक्षीस दिल्याने देणाऱ्यावर भांडवली नफ्याचा कर येत नाही.

पण वावर देणे सोपे नाही, बरं का. बक्षीसपत्र नोंदणीकृतच लागते. विदर्भाच्या १९५८ च्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन द्यायची तर परवानगीचा प्रश्न येतो, आणि ट्रस्टला ती पुढे विकायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. शिवाय वडिलोपार्जित वावर एकट्या बापाचे नसते. २००५ पासून लेकीचाही त्यात मुलाइतकाच हक्क आहे. तिला न विचारता शाळेला दिलेले वावर शाळेलाही कोर्टात नेते.

आमचे मत असे की, हा नियम शेतकऱ्याला अन्यायाचा आहे. शहरातल्या माणसाची संपत्ती बँकेत, आपली मातीत. वस्तूची किंमत फुगवून सूट लाटली जाईल ही सरकारची भीती खोटी नाही. पण जमिनीला सरकारचाच रेडी रेकनर आहे. त्याच दराने मुद्रांक शुल्क घेता, तर त्याच दराने वजावट का नको? अमेरिकेत जमीन आणि शेअर दान केल्यावर बाजारभावाने वजावट मिळते, मर्यादा घालून का होईना. आपल्या खासदारांपुढे ही मागणी वार्षिक सभेच्या ठरावानेच जायला हवी.

राहता राहिला कारखान्याचा शेअर. तो देवस्थानाच्या पेटीत टाकता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे तो किमान एक वर्ष धारण केलेला असावा लागतो, आणि घेणाराही सभासद किंवा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झालेला हवा. दान करायचेच तर लाभांश जाहीर होईल तेव्हा तो द्यावा, आणि शेअरचे वारसनाम तेवढे आजच भरून ठेवावे.