शून्याचे दोन अर्थ

घरांतील एकाच स्त्रीस कोणी काकू म्हणतो, कोणी वहिनी. हीं नांवें तिचीं एकटीचीं नव्हेत. तीं दोघांमधील नात्याचीं होत. ती शिक्षिका असेल, मतदार असेल, तर तीं विशेषणें मात्र तिचीं स्वतःचीं. ग्राफ डेटाबेस नामक माहितीसंग्रहांत हाच भेद पाळतात: व्यक्ति म्हणजे बिंदु, नातें म्हणजे रेषा आणि बिंदूस लाविलेली संज्ञा म्हणजे लेबल. स्वीडनमध्यें उदय पावलेल्या 'निओफोरजे' या संग्रहांत २०१३ सालापासून एका बिंदूस अनेक लेबलें लावितां येतात. संस्कृतज्ञांस यांत नवल वाटूं नये. 'डुकृञ्' या धातूस डु व ञ् असे दोन अनुबंध आहेत आणि प्रत्येकाचें कार्य निराळें आहे.

अशा संज्ञासमूहांत क्रम नाहीं व द्विरुक्तिहि नाहीं. तो थोडक्यांत कसा लिहावा? प्रत्येक संज्ञेस दुपटीनें चढणारा अंक द्यावा: खातेदार १, मतदार २, विद्यार्थी ४, प्रकल्पग्रस्त ८. मग बेरीज ११ आली, तर ती १, २ व ८ यांचीच. दुसरी फोड संभवत नाहीं. संज्ञा शेंकड्यांनीं वाढल्या म्हणजे ही बेरीज अवजड होते. तेव्हां प्रत्यक्ष आढळणाऱ्या समूहांसच क्रमांक देऊन बिंदूवर तेवढा क्रमांक लिहिणें सोयीचें.

परंतु ८ च्या घरांत शून्य असेल, तर अर्थ काय करावा? आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हे. सरदार सरोवरामुळें अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवें बाधित झालीं. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यानें सज्ञान पुत्रास स्वतंत्र कुटुंब मानिलें. तरीहि 'घोषित' व 'अघोषित' प्रकल्पग्रस्तांचा वाद पुढें वर्षानुवर्षें चालला. समजा, अशा एका पुत्राच्या नांवापुढें ८ नाहीं. तो बाधित नाहीं, कीं त्याची चौकशीच झाली नाहीं? यंत्रास दोन्ही सारखेंच. त्याच्या जमिनीच्या हक्कास मात्र सारखें नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, 'चौकशी पूर्ण' ही १६ अंकाची संज्ञा निराळी ठेवावी. १६ असून ८ नसेल, तरच 'नाहीं' म्हणावें. दोन्ही नसतील, तर निकाल न देतां आधीं त्याच्या दारीं जाऊन विचारावें.