अबोल आहे म्हणजे आजारी आहे का?

"डॉक्टर, पोरगं कुणासंगं बोलतच नाही. काहीतरी टॉनिक लिहून द्या." राणीसावरगाव आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या आई-वडिलांच्या तोंडून हे वरचेवर ऐकू येतं. पोरगा शेजारी खाली मान घालून बसलेला असतो. त्याला काही विचारलं की उत्तर आईच देते. तिला थोडं थांबवलं आणि वाट बघितली, तर अर्ध्या मिनिटाने तोच मुद्द्याचं उत्तर देतो. अभ्यास ठीक, झोप ठीक, भूक ठीक, एक-दोन जिवलग मित्रही आहेत. अशा मुलाला औषध लागत नाही, आणि माणसाला बोलकं करणारं टॉनिक अजून कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही.

आपल्याकडे अशा माणसासाठी शब्द मात्र भरपूर आहेत. घुम्या, शिष्ट, माणूसघाणा, एकलकोंडा, मुखदुर्बळ. यातला एकही कौतुकाचा नाही. मुलींचं तर आणखी अवघड. लग्न जमवताना जी 'शांत आणि सालस' असते, तीच सासरी गेल्यावर सहा महिन्यांत 'माहेरचा तोरा मिरवणारी' ठरते. मुलगी तीच असते, फक्त बघणारे बदललेले असतात.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे स्वभावाचे प्रकार कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 1921 साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले. त्यात आजाराचा संबंध नव्हता. काहींना चार माणसांत बसलं की तरतरी येते, तर काहींना तीच बैठक दमवते आणि नंतर थोडा वेळ एकट्याने काढावा लागतो. बहुतेक लोक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. खेड्यात तसा एकांत मिळवायला सभ्य सबबीही आहेत. रेणुकादेवीच्या नवरात्रात घर पाहुण्यांनी भरलं की 'जरा शेतावर जाऊन येतो' म्हणून निघणारा माणूस तुमच्या घरातही असेल. त्याला पाहुणे नकोसे झालेले नसतात, तो फक्त दम घेत असतो. घरातल्या बाईला मात्र ही सबब सहसा मिळत नाही. तिने घटकाभर माडीवर जाऊन बसायचं म्हटलं तरी 'काय बिनसलं?' असा प्रश्न येतो.

अंतर्मुख असणं आणि भीती वाटणं यातही फरक आहे. अंतर्मुख माणसाला फार बोलण्याची गरज वाटत नाही. सामाजिक भयगंड असलेल्याला बोलायचं असतं, पण लोक हसतील या भीतीने छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो. मग तो वर्गात हात वर करत नाही, मुलाखतीला जात नाही, लग्नकार्य टाळतो. हा त्रास समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधाने चांगला आटोक्यात येतो. 'लाजाळूच आहे' म्हणून तो वर्षानुवर्षं अंगावर काढू नका.

बोलत नाही म्हणजे माया नाही, हा आणखी एक गैरसमज. जी. ए. कुलकर्णी आठवा. जन्म बेळगाव जिल्ह्यातला, नोकरी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवण्याची. सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने लांब राहिले. पण सुनीताबाई देशपांडे आणि इतर स्नेह्यांना त्यांनी इतकी पत्रं लिहिली की पुढे त्यांचे खंड निघाले. (त्यांच्या स्वभावाचं निदान मी करत नाही. न तपासलेल्या माणसाचं निदान डॉक्टरने करू नये.) मुद्दा एवढाच, की गर्दी टाळणाऱ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ असतं. ते कुणाला आणि कसं सांगायचं, हे तो स्वतः ठरवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो. 'त्याचा स्वभावच तसा' हे वाक्य बऱ्याचदा खरं असतं, पण कधीकधी घातकही ठरतं. अबोल माणसाला नैराश्य आलं तर ते घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही, कारण तो आधीही कमीच बोलायचा. म्हणून तो किती बोलतो हे मोजू नका. पूर्वीपेक्षा काही बदललंय का, ते बघा. एकट्याने शेतात रमणारा आता शेताकडेही फिरकत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. जेवण अर्ध्यावर आलंय. दारू वाढलीय. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' असं बोलतो. असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो स्वभाव नाही, त्याला उपचार लागतात. कर्ज, नापिकी किंवा घरातला मृत्यू अशी कारणं सोबत असतील तर दोन आठवडेही थांबू नका.

गप्प होण्यामागे शरीराची कारणंही असतात. लहान मूल उशिरा बोलत असेल, हाक मारल्यावर बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर आधी कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कमी ऐकू येणं आणि स्वमग्नता या दोन्हींत लवकर सुरुवात केलेल्या उपचारांचा फायदा होतो. आजोबा हल्ली पारावर बसत नाहीत? कदाचित समोरचं बोलणंच ऐकू येत नसेल. थायरॉइड कमी झाला तरी माणूस मंदावतो, बोलायला कंटाळतो. ते साध्या रक्ततपासणीत कळतं.

अशा माणसाला विचारायचं कसं? चारचौघांत नको, जेवणाच्या ताटावर तर नकोच. गाडीवरून गंगाखेडला जाताना किंवा बांधावरून चालताना विचारा. प्रश्न एकच विचारा आणि उत्तराला वेळ द्या. मधली शांतता तुम्ही भरून काढू नका. शंका असेल तर सरळ विचारा: 'जीव नकोसा वाटतो का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट अनेकांना, कुणीतरी विचारलं, म्हणून हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन या. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. दवाखान्यात बोलायला जड जात असेल तर त्रास घरूनच कागदावर लिहून आणा. तुमचा कागद मी आधी वाचतो, मग लागेल तेवढंच विचारतो.