अटीवर भांडायचं तर सही करण्याआधी

२००८ ची अमेरिका. डेमोक्रॅटिक पक्षाला अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचा होता. नियम साफ होता: चार राज्यं सोडून कुणीही ५ फेब्रुवारीआधी मतदान घ्यायचं नाही. मिशिगन आणि फ्लोरिडाने जानेवारीतच घेतलं. पक्षाने दोघांचे सगळे प्रतिनिधी बाद केले. प्रमुख उमेदवारांनी तिथे प्रचार न करण्याचं लिहून दिलं. ओबामांनी तर मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नावच काढलं. हिलरी क्लिंटन यांनी ठेवलं. मिशिगन जिंकल्यावर त्या म्हणू लागल्या, हे प्रतिनिधी धरा! ३१ मे रोजी पक्षाने प्रत्येकाला अर्धं मत दिलं, पुढे अधिवेशनात पूर्ण.

मतदारांचा दोष नव्हता, मान्य. पण नियम पाळणारा वेडा ठरला, तर पुढच्या वेळी पाळणार कोण?

दुकानातही हेच. उधारी पंधरा दिवसांची म्हणायचं आणि ओळखीच्याला दोन महिने द्यायचे. मग वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईकही हात आखडतं. भागीदारीत नफ्याची वाटणी आधी लिहा. अट पटत नसेल तर सहीआधी भांडा. सही केलीत, की तोटा झाला तरी पाळा. बाजारात पत अशीच बनते.