विज्ञानाच्या वाटेवर : रक्तांतील भावंडें

वाचकहो, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांस आठवते, त्यांस ऐन वेळीं मिळालेल्या रक्ताचें मोल सांगावयास नको. परंतु कांहीं थोड्या माणसांस ओ गटाचें रक्तहि चालत नाहीं. इ. स. १९५२ मध्यें डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत असें रक्त प्रथम वर्णिलें. म्हणून त्यास 'बॉम्बे गट' म्हणतात.

याचें मूळ दोन जनुकांत आहे. ए व बी हीं चिन्हें 'एच' नांवाच्या पायावर उभीं राहतात. तांबड्या पेशींवर हा पाया घालण्याचें काम एका जनुकाचें. लाळेसारख्या स्रावांत तें काम दुसऱ्याचें. पहिलें १९९० सालीं हातीं आलें. त्याच्याशीं जुळणारा मजकूर शोधतां शोधतां १९९५ सालीं दुसरें सांपडलें, तेंहि त्याच एकोणिसाव्या गुणसूत्रावर, अगदीं शेजारीं!

आतां हीं भावंडें कशावरून? केवळ आडनांव एक म्हणून कोणी भाऊबंद ठरत नाहीं. कुलवृत्तान्त लिहिणारा जुने कागद ताडून पाहतो. शास्त्रज्ञहि दोन्ही जनुकांपासून होणारीं प्रथिनें शेजारीं मांडून त्यांचे घटक क्रमानें ताडतात. येथें सुमारें दोनतृतीयांश जागीं एकच घटक निघाला. इतकें साम्य योगायोगानें येत नाहीं. एका मूळ जनुकाची दुसरी प्रत निघाली व दोहोंत पुढें निरनिराळे फेरफार होत गेले, हाच त्याचा उलगडा. मात्र साम्य टक्क्यांनीं मोजतात; नातें तसें मोजतां येत नाहीं. तें असतें किंवा नसतें.

भारतांतील बॉम्बे गटाच्या पुष्कळ लोकांत पहिल्या जनुकांतील एक अक्षर बदललेलें, तर दुसरें जनुक समूळ गळालेलें आढळतें. असें रक्त नेहमींच्या तपासणींत ओ गटासारखेंच दिसतें. पण त्यांत 'एच'चा प्रतिकार करणारे पदार्थ असल्यानें ओ गटाचें रक्त दिल्यास प्राणावर बेततें. अशा रोग्यास त्याच गटाचें रक्त लागतें.

तें प्रथम शोधावें सख्ख्या भावंडांत. कारण आईबाप दोघांकडूनहि तेंच बिघडलेलें जनुक आलें, तरच हा गट उद्भवतो. म्हणून घरांत एकाचा हा गट निघाल्यास सर्व भावंडांची तपासणी करून घ्यावी आणि तिचा निकाल वंशावळीच्या वहींत टिपून ठेवावा. पूर्वजांच्या नांवांइतकीच ती नोंदहि पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.